आत्याने पसंत केलेला करडा पडदा

मला दुपारची झोप लावली ती आत्याच्या टाइपरायटरने. असं म्हटलं की बायको म्हणते, "आळशीपणालासुद्धा तुमच्या घराण्यात इतिहास लागतो." लागत असेल. पण खरंच तसं आहे. ऐंशीच्या आसपास आम्ही ठाण्याला राहायचो, टेंभी नाक्यापासून दोन गल्ल्या आत. शनिवारी माझी शाळा सकाळची आणि आत्याचं ऑफिस अर्ध्या दिवसाचं. जेवणं झाली, की आत्या खिडकीशी टेबलावर बसायची, टाइपरायटरवरचं निळ्या छिटाचं झाकण काढायची, त्याची घडी करून मांडीवर ठेवायची आणि सुरू व्हायची. टकटक टकटक, टकटक टकटक, मग एक बारीकशी घंटी, टिंग, आणि गाडा मागे ढकलल्याचा खर्रर्र. टिंग म्हणजे कागदाची कड जवळ आली, आता ओळ संपव, अशी सूचना. मी खाली चटईवर पडलेलो असायचो. तीन-चार ओळींपर्यंत जागा राहायचो. त्यानंतरच्या टिंगला मी कुठे असायचो ते मला ठाऊक नाही, पण जिथे असायचो तिथेही ते ऐकू यायचं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. एका कचेरीत ती टायपिस्ट होती आणि घरी लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या निम्म्या प्राध्यापकांची डॉक्टरकी आमच्या ताईच्या बोटांतून गेली आहे, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. आत्या म्हणायची, "अरे, बोटांतूनच गेली. डोक्यात काही थांबलं नाही."

पुढे आम्ही डोंबिवलीला आलो. दुसऱ्या मजल्यावर, ठाण्यापेक्षा मोठी जागा, ठाण्यापेक्षा मोठे डास. आत्या निवृत्त झाली, माझं लग्न झालं, आणि टाइपरायटर आमच्या हॉलच्या खिडकीशी येऊन बसला. दुपारभर टकटक. माझी बायको पहिल्या वर्षी म्हणाली, "मला आधी वाटलं, वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललंय." दुसऱ्या वर्षी तीही त्या आवाजात झोपायला लागली. आमच्या घरात सून रुळली असं मी तेव्हा मानलं. ती मात्र ही गोष्ट वेगळ्या प्रकारे सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. आत्याकडे एका बाईंचा प्रबंध टायपिंगला आलेला. त्या कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायच्या. मूळच्या चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या, आणि प्रबंधाचा विषयही घरचाच होता: ठाण्याच्या खाडीतले मासे. वडील खाडीत जाळं टाकायचे, आई मासळी विकायची, आणि या त्याच माशांवर डॉक्टर होणार होत्या. पहिल्या दिवशी हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा आणि कोळंबीची पिशवी अशा दोन्ही वस्तू त्यांनी एकदमच आत्याच्या हातात दिल्या. आईने पिशवी घेतली, आत्याने गठ्ठा. दोघींनाही आपल्यालाच चांगलं मिळालं असं वाटत होतं. प्रबंध होळीपर्यंत विद्यापीठात पोचवायचा होता. त्यांचे मार्गदर्शक उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यानंतर नवा मार्गदर्शक, नवे नखरे, सगळं पहिल्यापासून.

साधारण अर्धा प्रबंध झाला असेल, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यांची सून एका दुपारी वर आली. हातात शिऱ्याची वाटी.

"आत्या, रागावू नका हं. डॉक्टरांनी दुपारी पूर्ण आराम सांगितलाय. आमच्या बाबांच्या छतावरच येतो हो आवाज."

"अगं, रागवायचं काय त्यात?" आत्या म्हणाली. तिने ओळ पूर्ण केली, टिंग वाजलं, आणि झाकण घातलं.

मग आम्ही उपाय केले. टाइपरायटरखाली गोधडी घातली. दोन गोधड्या घातल्या. तेव्हा यंत्र इतकं उंच झालं की आत्या उभी राहून टाइप करायला लागली. मोरीत नेऊन पाहिलं, तिथे तर आवाज दुप्पट झाला. गॅलरीत नेलं, तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, "काय, पापडाचं मशीन घेतलंत का?" शेवटी आत्या म्हणाली, "पुरे आता. माणूस बरा व्हायचाय तिथे." झाकण पडलं ते पडलंच.

प्रबंधवाल्या बाई म्हणाल्या, "मावशी, उरलेलं मी स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडे देते. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"अर्धं एका हाताचं आणि अर्धं दुसऱ्या हाताचं?" आत्या म्हणाली. "मला चार दिवस दे."

त्या दुपारी मी रजेवर होतो. आत्या जेवून आडवी झाली होती. मी पाहिलं, तर झोपेत तिची बोटं चादरीवर हलत होती. भरभर हलायची, थांबायची, मग डावा हात किंचित उचलून बाजूला सरकायचा. ती गाडा ढकलत होती. चादरीवर एक अख्खी ओळ टाइप झाली आणि कुठेच उमटली नाही. मी बराच वेळ बघत बसलो, आणि मला झोप येईना.

आता माझ्याबद्दल. मी माजिवड्याला एका कारखान्याच्या ऑफिसात होतो, कॉम्प्युटर विभागात. घरी माझी ख्याती 'कॉम्प्युटरमधला माणूस' अशी होती. प्रत्यक्षात मी मालाच्या साठ्याचे तक्ते छापायचो आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचो. कागद काढण्यात मात्र माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच सुमारास ऑफिसने एक जुना लॅपटॉप निकालात काढला. पाटासारखा जाड, पाटापेक्षा जड, बॅटरी मेलेली. आतलं सगळं त्यांनी नियमाप्रमाणे पुसून टाकलेलं. साहेब म्हणाले, "घेऊन जा, दाराला टेकण होईल." मी तो छातीशी धरून घरी आणला.

माझ्याकडे कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी होती. ज्यांना लिनक्स ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी चुका काढू नयेत. कॉम्प्युटर चालवणारी आतली यंत्रणा एक असते, आणि आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो देखावा, म्हणजे बटणं, खिडक्या, रंग, हे दुसरं. लिनक्समध्ये हा देखावा सुटा येतो. यंत्रणा तीच ठेवून वरचा पडदा बदलता येतो. त्या सीडीवर असे चार-पाच पडदे होते. मशीन जुनं असेल तर भारी पडदा त्याला पेलत नाही, हलका निवडावा लागतो. एवढीच अक्कल लागते. ती माझ्याकडे होती, असं मला तेव्हा वाटायचं.

रविवारी सकाळी मी पडदे दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला. म्हटलं, सगळ्यांनी मिळून पसंत करू. आमच्याकडे फ्रीजपासून सुनेपर्यंत सगळं असंच पसंत झालेलं.

"फ्रीज बघायला जास्त माणसं गेली होती," बायको म्हणाली.

कार्यक्रम म्हटला की आईचा हात आपोआप पोह्यांच्या डब्याकडे जातो. तिने कांदेपोहे केले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले, का ते त्यांनाच ठाऊक. लॅपटॉप टीपॉयवर, आम्ही सगळे अर्धगोलात, आणि आत्या जरा बाजूला, मटार सोलत.

पहिला पडदा देखणा होता. खाली पट्टी, पट्टीच्या कोपऱ्यात एका पावलाचं चित्र.

"हे पाऊल कुणाचं?" आई.

"आई, ते बटण आहे. तिथून सगळं उघडतं."

"लक्ष्मीची पावलं जोडीने येतात. हे एकटंच आलंय. आणि बोटं मोज रे, चारच आहेत."

बाबा चष्मा सावरून वाकले. "चारच आहेत."

"मग नको," आई म्हणाली. "चांगलं काम सुरू होतंय वन्संचं. असलं पाऊल नको घरात."

दुसरा पडदा उघडायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात बाबांनी पोहे दुसऱ्यांदा घेतले. पण उघडला तेव्हा सगळे "वा!" म्हणाले. बटणं फुगीर, चकचकीत, आणि कोपऱ्यात इंग्रजी 'के' अक्षर.

"लोकलच्या पाटीवर असतो तो. के म्हणजे कल्याण," बाबा म्हणाले. "कल्याणला जाणार म्हणजे डोंबिवलीला थांबणार. हरकत नाही."

तिसऱ्यात नुसते काळे चौकोन होते, उजव्या कडेला एकाखाली एक रचलेले. बायकोला तो आवडला. "स्मार्ट आहे," ती म्हणाली. पण त्यात काहीही उघडायचं तर मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाबावं लागे. बाबा म्हणाले, "जिथे काही नाही तिथे दाबायचं? ही कसली पद्धत?"

चौथा मी जाता जाता दाखवला. मुलगी बघायला गेलं की तिच्या धाकट्या बहिणीचीही ओळख करून देतात, तसा. करडा रंग. खाली एक पट्टी, डाव्या कोपऱ्यात एक बटण, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. बस.

"रेशनिंग ऑफिस," आई म्हणाली.

बघायला दुसरं काही नसल्यामुळे सगळ्यांची नजर घड्याळावर गेली. घड्याळाशेजारी तारीख होती, आणि वर्ष होतं एकोणीसशे ऐंशी. लॅपटॉपच्या पोटात तारीख लक्षात ठेवणारी एक बारकी बॅटरी असते. तीही मेली होती, त्यामुळे मशीन सुरू केलं की त्याला दर वेळी ऐंशी सालचा एक जानेवारीच वाटायचा.

"मुलगी वय लपवतेय," बाबा म्हणाले, आणि कार्यक्रम हसण्यात संपला.

दुसरा पडदा बहुमताने ठरला. मी त्याला आणखी सजवला. प्रबंध माशांचा, म्हणून पाठीमागे मासे पोहत राहतील असा एक प्रोग्रॅम सीडीवर सापडला तोही घातला. निळं पाणी, वर जाणारे बुडबुडे, आणि इकडून तिकडे जाणारे पिवळे, तांबडे मासे. आई ओल्या हातांनीच बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "खाण्यातले नाहीत हे."

सोमवारी आत्या पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करायला बसली. टाइपरायटरवर झालेला अर्धा प्रबंध तिने बाजूला ठेवला होता. सगळं एका हाताचं व्हायला हवं होतं ना. लॅपटॉपच्या बटणांना आवाज असा नव्हताच, पावसाळी चपलेने पाय न वाजवता चालावं तेवढाच. खालच्या आजोबांना त्रास नाही. मी खुशीत ऑफिसला गेलो आणि सहकाऱ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी आलो, तर आत्या हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसलेली. पिवळा मासा अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा कडेला थांबला होता. बुडबुडे जागच्या जागी.

"मासे थांबलेत," ती म्हणाली. "आधी वाटलं, त्यांचीही दुपारची वेळ असेल. मग बघितलं तर अक्षरंही येईनात."

जुन्या मशीनला एकाच वेळी प्रबंध आणि मत्स्यालय पेललं नव्हतं. मी बटण दाबून ते बंद केलं, पुन्हा सुरू केलं. दिवसभरात टाइप केलेल्यातलं एकही पान नव्हतं. पान झालं की ते सांभाळून ठेवण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते, हे मी आत्याला सांगितलं होतं. तिने ते ऐकलंही होतं. पण टाइपरायटरवर पान झालं म्हणजे झालं, ते 'राहा' म्हणून कुणी सांगत नाही. चाळीस वर्षांची सवय.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"माशांनी खाल्ली," ती म्हणाली. मग उठली, आणि हस्तलिखिताच्या गठ्ठ्याला दोरा बांधायला लागली. दोन्ही बाजूंनी, नीट, गाठ मधोमध. "उद्या फोन करून तिला सांगते. तिचं वर्ष नको वाया जायला माझ्यापायी. डीटीपीवाला करेल."

तिचा आवाज अगदी रोजचा होता. भाजी संपली हे सांगावं तसा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली, बाबांनी टीव्ही बंद केला. आत्याने गठ्ठा परत केला तर तिच्या हातातलं शेवटचं काम जाणार होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. त्यानंतर कोण कशाला तिच्याकडे यायला? बाहेर दर गल्लीत कॉम्प्युटर आले होते.

मी म्हणालो, "आत्या, दुसरा पडदा लावून देतो. त्यात याहून छान..."

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, "तुला एक विचारू? काल तू सगळ्यांना विचारलंस. आईला, बाबाला, बायकोला. मला विचारलंस?"

मी माऊसची वायर बोटाला गुंडाळायला लागलो.

"मलासुद्धा असंच दाखवायचे रे, ठाण्याला. चालून दाखव. सुईत दोरा ओवून दाखव. मग मी आत जायची आणि बाहेर सगळे एकमेकांना विचारायचे, कशी वाटली. मी आतून ऐकायची. काल मटार सोलताना मला वाटलं, या डबड्याची आणि माझी जुनी ओळख आहे." ती हसली. हसली म्हणून आम्हाला श्वास घेता आला. "आता मी बघायला बसते. समोरून. आणि पोहे तू कर."

"मी?"

"मग काय मुलीने करायचे?"

पोहे मी केले. त्यांचं वर्णन करत नाही. बायको आजही 'तुमच्या हातचे पोहे' असं म्हणून मला गप्प करते. आत्या मात्र टीपॉयसमोर पाटावर मांडी घालून बसली, बशी बाजूला सारली, आणि म्हणाली, "आण एकेक."

तिची बघण्याची रीत आमच्यासारखी नव्हती. तिने आधी डोळे मिटले. मी टाइप करायची खिडकी उघडून द्यायचो आणि ती न बघता एक परिच्छेद टाइप करायची. मग डोळे उघडून बघायची, अक्षरं कुठपर्यंत आली. पावलाच्या पडद्यावर ती संपवून बसली तरी अक्षरं मागून येतच होती, लग्नाच्या वरातीत मागे राहिलेल्या काकांसारखी. "मी पोचले, हे अजून वाटेत," आत्या म्हणाली. कल्याणचा पडदा मासे काढूनही तसाच. काळ्या चौकोनांच्या पडद्यात अक्षरं बरोबर आली, पण मधेच तिचा अंगठा कुठेतरी लागला आणि खिडकी लपून बसली. ती परत काढायला मलाच पाच मिनिटं लागली. "लाजाळू आहे," आत्या म्हणाली. "आणि तू ऑफिसला गेलास की मी कुणाला विचारू?"

मग करडा. तिने डोळे मिटून टाइप केलं. उघडले. शेवटचं अक्षर तिच्या बोटाशेजारी उभं होतं.

तिने पुन्हा एक परिच्छेद टाइप केला. पुन्हा तेच. पडद्यावर काही हललं नाही, काही उमललं नाही, कशाने तिला काही विचारलं नाही.

"हा बोलत नाही," ती म्हणाली.

"यात काही नाहीच आहे, आत्या."

"हो ना." ती त्या करड्या पट्टीकडे बघत राहिली. "माझ्या कामात मधे मधे येणार नाही असा कुणी बघायला आला असता, तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं."

आईने पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "ताई, म्हणजे पसंत?"

"पसंत. पण माझ्या अटी आहेत."

अटी अशा होत्या. एक, सगळी अक्षरं सारख्या रुंदीची हवीत, टाइपरायटरसारखी. मथळा मधोमध आणायचा तर ती अक्षरं मोजते, उरलेल्या जागेच्या निम्म्या जागा सोडते आणि मग सुरू करते. नव्या तऱ्हेच्या अक्षरांत बारीक 'आय'ला कमी जागा आणि लठ्ठ 'एम'ला जास्त. "असा पंक्तिभेद मला चालणार नाही," ती म्हणाली. दोन, खिडकी कागदाच्या रुंदीची हवी, आणि ती रोज त्याच ठिकाणी उघडली पाहिजे. तीन, घड्याळाला हात लावायचा नाही.

"अगं पण ते ऐंशी साल दाखवतंय."

"दाखवू दे. वेळ पुढे जातेय ना? तेवढं पुरे."

हे सगळं करडा पडदा मुकाट्याने करून द्यायला तयार होता. एकाच गोष्टीवर आमचं वाजलं. आत्या दर ओळीच्या शेवटी एंटर दाबायची. मी म्हणालो, "आत्या, नको दाबूस. ओळ भरली की पुढचा शब्द आपोआप खाली जातो."

"माझी ओळ कुठे संपणार ते हा ठरवणार?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. ओळ मी सुरू केली, मीच संपवणार."

मला वाटत होतं की याने छापताना घोटाळा होईल. झाला नाही. साधी फाईल, सारखी अक्षरं, ठरलेली रुंदी. जशी ओळ तिने मोडली तशीच कागदावर उतरली. पण तिला एक अडचण येत होती. घंटी नव्हती. कड जवळ आली हे कानांना कळायचं, डोळ्यांना नाही, आणि ती कडेच्या पलीकडे जायची. मी मशीनला आवाज काढायला लावला. तो असा काही निघाला की खालच्या आजोबांचं दुसरं ऑपरेशन करावं लागलं असतं. "ही घंटी नाही," आत्या म्हणाली, "हा मागे येणारा टेम्पो आहे. बंद कर."

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो, तेव्हा हॉलमधून ऐकू आलं.

"टिंग."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "कालपासून चाललंय."

आत्या ओळीच्या शेवटी स्वतःच घंटी वाजवत होती. तोंडाने, हळू, जवळजवळ श्वासातच. आपण तसं म्हणतो हे बहुधा तिला ठाऊकही नव्हतं. आम्ही कुणी सांगितलं नाही. पानाच्या शेवटी मात्र ती मोठ्याने म्हणायची, "राहा रे बाबा," आणि पान सांभाळून ठेवायची आज्ञा द्यायची.

मग आमच्या घरात खाडी आली. मला तरी ते दिवस तसेच आठवतात. दुपारी खिडकीचे पडदे ओढलेले, हॉलमध्ये हिरवट उजेड, स्क्रीनवर करड्या चौकटीत काळी अक्षरं सरकतायत आणि त्यांतून बोय, निवटी, जिताडे लॅटिन नावं घेऊन चाललेत. प्रबंधवाल्या बाई कॉलेज संपवून कधी कधी यायच्या, पाटाशेजारी बसायच्या. आत्या न थांबता विचारायची, "अगं, ही निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारते तीच ना?"

"तीच मावशी. पाण्यातपण राहते, चिखलातपण. आई म्हणायची, हिचं घर कुठलं ते हिलाच माहीत नाही."

"टिंग," आत्या म्हणायची.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तू सांग."

बाई सांगत राहायच्या. भरती कशी चढते, ओहोटीला चिखलावर काय काय उघडं पडतं, पहाटे वडील जाळं खांद्यावर टाकून निघायचे तेव्हा पाणी कुठल्या रंगाचं असायचं. प्रबंधात यातलं काहीच नव्हतं. आत्याची बोटं प्रबंध टाइप करायची आणि कान ते ऐकायचे. दोन्हीची सरमिसळ कधी झाली नाही. माझ्या मनात मात्र झाली आहे. आज मला तो प्रबंध आठवतो तो पहाटेच्या पाण्याच्या रंगाचा, आणि मी त्याचं एक पानही वाचलेलं नाही.

पहिली फ्लॉपी भरली तेव्हा आत्या माझ्याबरोबर स्टेशनजवळ छापायला आली. दुकानातल्या मुलाने फाईल उघडून तारीख बघितली आणि वर बघितलं. "आजी, ही तर नाइन्टीन एटीची आहे. एवढी वर्षं कुठे ठेवलेली?"

"बोटांत," आत्या म्हणाली. "छाप लवकर. आणि ओळी हलवू नकोस."

होळीला चार-पाच दिवस उरले होते. संदर्भांची यादी राहिली होती, सगळ्यात किचकट भाग. मला थोडा ताप होता म्हणून मी घरी होतो. तसा फार नव्हता, ऑफिसला जाता आलं असतं एवढाच होता. हॉलमध्ये चटई टाकून पडलो. आई आत, बायको कामावर, बाबा खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन. आत्या पाटावर, मांडीवर निळ्या छिटाचं झाकण. ते तिने टाइपरायटरचं काढून आणलं होतं. काम करताना मांडीवर काहीतरी घडी केलेलं हवं, त्याशिवाय हात बसत नाही, असं म्हणायची.

चटईवरून मला स्क्रीनचा एक कोपराच दिसत होता. करडी पट्टी, आणि घड्याळ. दुपारची वेळ, एकोणीसशे ऐंशी.

बटणांची बारीक सळसळ. टिंग. सळसळ. टिंग. मधेच आत्या एखादं नाव पुटपुटायची आणि पुढे जायची. खालून कुकरची शिट्टी. मी म्हटलं, आज शेवटचं पान आहे, जागं राहायचं, संपलं की पहिला मी टाळी वाजवणार. तीन ओळी मी मोजल्या. चौथीच्या टिंगला मी ठाण्याला होतो. खिडकीतून टेंभी नाक्याकडचा आवाज येत होता, माझ्या खाली चटई होती, आणि टकटक टकटक अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, गाड्याचा खर्रर्रसुद्धा.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले असावेत. हॉलमध्ये काहीच आवाज नव्हता. संदर्भांची यादी संपली होती. फ्लॉपी टीपॉयवर होती, वरच्या कागदी पट्टीवर आत्याच्या ठसठशीत अक्षरात बाईंचं नाव आणि त्याच्या आधी 'डॉ.'. ते अजून विद्यापीठाने दिलं नव्हतं. आत्याने दिलं होतं.

टाळी वाजवायला मला उशीर झाला होता. आत्या माझ्याशेजारीच चटईच्या दुसऱ्या टोकाला आडवी झाली होती, तोंडावर श्वासाबरोबर हलणारा पदर. मी तिच्या हातांकडे बघितलं. दोन्ही तळवे पोटावर, बोटं एकमेकांत अडकवलेली. एकही हलत नव्हतं.

लॅपटॉप बंद कसा करायचा हे तिला मी शिकवलं होतं, पण ती ते करत नसे. तिने त्याच्यावर नुसतं निळं झाकण घालून ठेवलं होतं. कड उचलून मी आत बघितलं. करड्या पट्टीतलं घड्याळ चालू होतं. मी झाकण पुन्हा नीट केलं आणि थोडा वेळ आणखी पडलो.